अपेंडिक्सचे ऑपरेशन : चीर मोठी की भोके लहान?

हा धडा जरा लांब आहे. एका बैठकीत झाला नाही तर दोन बैठकींत वाचा. अवघड शब्द आला तर थांबा, शेजारी बसलेल्याला विचारा, मग पुढे चला.

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक बाई येतात. हंगामात ऊसतोडीला जातात. परत आल्या की पुन्हा वर्गात बसतात. एका संध्याकाळी त्या पाटी न घेताच आल्या. दारातच उभ्या राहिल्या नि म्हणाल्या, "गुरुजी, पोराच्या पोटात लई दुखतंय. अपेंडिक्स म्हणत्यात. सरकारी दवाखान्यात आज रातीच चिरून काढतो म्हणाले. तालुक्याचा खाजगी डॉक्टर म्हणतोय, दुर्बिणीनं करा, बारीक भोकं पडतील, पू व्हायचा नाही. पण पैसं लई सांगतोय. गाय विकू का?"

प्रश्न साधा होता. पण आम्हाला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. आम्ही एवढेच म्हणालो, "आज रात्री जिथं होतंय तिथं न्या. गाईचं नंतर बघू." त्या गेल्या. नंतर आम्ही जाणत्या डॉक्टरांना विचारले, पुस्तके चाळली. जे कळले ते इथे लिहिले आहे. त्या पोराचे पुढे काय झाले तेही सांगू. पण आधी हे अपेंडिक्स म्हणजे काय ते पाहू.

पोटातली शेपटी

आपल्या पोटात दोन आतडी असतात. एक लहान आतडे, एक मोठे आतडे. दोन्ही जिथे जुळतात ती जागा बेंबीच्या खाली, उजव्या हाताला येते. तिथे मोठ्या आतड्याला एक बारीक शेपटी लोंबत असते. जाडीला करंगळीहून बारीक. लांबीला आपल्या मधल्या बोटाएवढी, म्हणजे 8 ते 10 सेंटिमीटर. कुणाची थोडी कमी, कुणाची थोडी जास्त. पुस्तकात तिला आंत्रपुच्छ म्हणतात. आंत्र म्हणजे आतडे, पुच्छ म्हणजे शेपूट. दवाखान्यात अपेंडिक्स म्हणतात. गावातही आता हाच शब्द रुळला आहे, म्हणून आपणही तोच वापरू.

ही शेपटी आतून पोकळ असते. एक टोक बंद, दुसऱ्या टोकाचे तोंड आतड्यात उघडते. कधी त्या तोंडाशी मळाचा कडक खडा अडकतो. कधी आतल्या सुजेनेच तोंड मिटते. मोरी तुंबली की काय होते? पाणी साचते, कुजते, वास मारते. इथेही तसेच होते. आत जंतू वाढतात, पू साचतो, शेपटी फुगते. फुगली की तिला रक्त पोचत नाही. रक्त पोचले नाही की ती सडते आणि फुटते. फुटली की आतली सगळी घाण पोटात पसरते. त्यात माणसाचा जीव जाऊ शकतो.

दुखणे बहुधा बेंबीच्या आसपास सुरू होते. काही तासांनी ते खाली उजवीकडे सरकते आणि तिथेच ठाण मांडते. जेवण नको वाटते. उलटी होते. बारीक ताप येतो. खोकले की कळ येते, बैलगाडीत हादरा बसला की कळ येते. सगळ्यांना अगदी असेच होते असे नाही. लहान मुले, म्हातारी माणसे आणि पोटुशी बाई यांच्यात लक्षणे वेगळी दिसतात. म्हणून उजवीकडे दुखत नाही, तेव्हा अपेंडिक्स नाही, असे घरी बसून ठरवू नये.

इथे एक गोष्ट जोर देऊन सांगतो. पोट दुखले की आपल्याकडे एरंडेल पाजतात. कुणी म्हणते बेंबी सरकली, आणि पोट चोळतात. सुजलेल्या अपेंडिक्सला या दोन्ही गोष्टी घातक आहेत. जुलाबाच्या औषधाने आतडे जोराने हलते आणि शेपटी फुटण्याची भीती वाढते. चोळण्यानेही तेच. अशा वेळी काही खायला-प्यायला देऊ नका आणि दवाखाना गाठा. गाडी नसेल तर 108 नंबर फिरवा. आणि खूप दुखत असलेले पोट एकाएकी शांत झाले, तर "बरं झालं, देव पावला" म्हणून घरी थांबू नका. कधी कधी शेपटी फुटल्यावर थोडा वेळ असाच आराम पडतो.

राजालाही झाले होते

हे दुखणे गरीब-श्रीमंत पाहत नाही. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक 26 जून 1902 रोजी ठरला होता. देशोदेशीचे पाहुणे लंडनला आले होते. आपले कोल्हापूरचे शाहू महाराजही त्या सोहळ्यासाठी विलायतेला गेले होते. आणि दोन दिवस आधी, 24 जूनला, राजाचे पोट उघडावे लागले. अपेंडिक्सच्या जागी पुवाचे मोठे गळू झाले होते. फ्रेडरिक ट्रीव्ह्ज नावाच्या डॉक्टराने राजवाड्यातच चीर देऊन पू काढून टाकला. अपेंडिक्स त्याने काढलेच नाही, नुसता पू वाहू दिला. राजा वाचला. राज्याभिषेक मग 9 ऑगस्टला झाला. या ट्रीव्ह्जची स्वतःची तरुण मुलगी दोनच वर्षांपूर्वी याच दुखण्याने गेली होती. राजाच्या पोटाला हात लावताना त्या बापाच्या मनात काय आले असेल!

(शाहू महाराज विलायतेत होते त्याच दिवसांत, 26 जुलै 1902 रोजी, कोल्हापूर दरबारचा मागासलेल्या लोकांसाठी निम्म्या नोकऱ्या राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. हे या धड्यातले नाही. पण तारीख जवळची म्हणून आठवले.)

त्या काळात पोट उघडायचे म्हणजे मोठे धाडस होते. ऑपरेशनपेक्षा मागाहून होणाऱ्या पुवाचीच धास्ती अधिक. 1867 साली जोसेफ लिस्टर या डॉक्टराने कार्बोलिक अ‍ॅसिडने जखमेतले जंतू मारण्याची रीत लोकांपुढे मांडली. तेव्हापासून हात, हत्यारे आणि कपडे निर्जंतुक करण्याकडे डॉक्टरांचे लक्ष गेले. 1894 साली न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी या डॉक्टराने उजव्या बाजूला लहान तिरकी चीर देऊन, स्नायू न कापता बाजूला सारून, अपेंडिक्स काढण्याची पद्धत सांगितली. तिरकी चीर पुष्कळ ठिकाणी अजूनही तशीच देतात. तुमच्या गावात कुणाच्या पोटावर उजवीकडे तिरपा वण असेल तर तो बहुधा याच ऑपरेशनचा.

दुसरी वाट पुष्कळ उशिरा निघाली. 1980 साली जर्मनीतल्या कील या शहरात कुर्ट सेम नावाच्या डॉक्टराने दुर्बिणीतून पाहून अपेंडिक्स काढले. हा होता बायकांच्या आजारांचा डॉक्टर. त्याने हे केले म्हणून मोठमोठे सर्जन त्याच्यावर फार रागावले. हे अयोग्य आहे, धोक्याचे आहे, असे म्हणाले. आज तीच पद्धत जगभर चालते.

दोन वाटा, काम एकच

चिरून करायच्या ऑपरेशनात उजव्या बाजूला तीन-चार बोटे रुंदीची चीर देतात. त्यातून अपेंडिक्स बाहेर ओढून घेतात, मुळाशी बांधतात, कापतात आणि चीर शिवतात. अपेंडिक्स फुटून घाण पसरली असेल तर चीर वाढवावी लागते.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात बहुधा तीन लहान भोके पाडतात. एक बेंबीजवळ, दोन खाली. आधी पोटात कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू भरतात. त्याने पोट तंबूसारखे फुगते आणि आत काम करायला जागा होते. एका भोकातून बारीक नळीची दुर्बीण घालतात. आतले चित्र समोरच्या पडद्यावर दिसते. बाकीच्या भोकांतून लांब, बारीक हत्यारे घालून अपेंडिक्स बांधतात, कापतात, लहानशा पिशवीत घालतात आणि भोकातून बाहेर काढतात. यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते. चिरून करायचे असेल तर पाठीच्या मणक्यात सुई देऊन खालचा भाग बधिर करूनही पुष्कळदा भागते. दुर्बिणीनंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो. भरलेल्या वायूमुळे तसे होते. घाबरू नये.

काही लोकांना वाटते, दुर्बिणीने नुसते बघतात, कापत नाहीत. तसे नाही. आतले कापणे तेच, बांधणे तेच. आत जायची वाट तेवढी वेगळी. कधी दुर्बिणीने सुरू करूनही आत अवघड दिसले तर डॉक्टर चीर देतात. तसे झाले म्हणून डॉक्टर चुकला असे समजू नये. उलट वेळेवर शहाणपण केले असे समजावे.

पू कुठे होतो?

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. दुर्बिणीने केले तर पू होत नाही, हे खरे का?

पू दोन जागी होऊ शकतो. एक कातडीवरच्या जखमेत. हा डोळ्यांना दिसतो. जखम लाल होते, गरम लागते, टणक होते, दुखते, मग टाक्यांतून पाणी किंवा पू येतो. दुसरा पोटाच्या आत, खोल. आत गळू होते. हे वरून दिसत नाही. ताप चढतो-उतरतो, पोट दुखते, फुगते, अन्न जात नाही, कधी जुलाब लागतात. वरची जखम मात्र स्वच्छ, सुकलेली. म्हणून हा दुसरा पू फसवा.

निरनिराळ्या देशांत डॉक्टरांनी या दोन पद्धतींची तुलना केली आहे. काही रोग्यांचे चिरून केले, काहींचे दुर्बिणीने केले, आणि कुणाला पू झाला ते मोजले. 2018 साली असे 85 अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यात मिळून 9,700 हून अधिक रोगी होते. मोठ्या माणसांत त्यांना काय दिसले?

जखमेतला पू दुर्बिणीच्या ऑपरेशनात निम्म्याहूनही कमी. चिरून केलेल्यांत जिथे दहा जणांची जखम चिघळते, तिथे दुर्बिणीने केलेल्यांत चार-पाच जणांचीच चिघळते. इथवर तो खाजगी डॉक्टर बरोबर बोलला.

पण पोटाच्या आतले गळू? ते दुर्बिणीच्या ऑपरेशनात कमी नाही, उलट थोडे जास्तच दिसले. चिरून केलेल्यांत दहा जणांना झाले, तर दुर्बिणीवाल्यांत सोळा जणांना, असे प्रमाण. ऐकून दचकू नका. मुळात हे गळू शंभरातल्या मोजक्याच लोकांना होते. त्या मोजक्यांत हा फरक आहे. आणि जसजसा डॉक्टरांचा हात बसत गेला तसतसा तो कमी होत गेला आहे. अलीकडच्या अभ्यासांत तो फारसा उरलेला दिसत नाही. तरी "पू होतच नाही" हे बोलणे खरे नव्हे.

असे का होत असावे? जखमेचे कारण समजायला सोपे आहे. चिरून करताना पुवाने माखलेले अपेंडिक्स चिरेच्या कडांना घासत बाहेर येते. कातडीखालच्या चरबीत जंतू राहतात आणि वाढतात. दुर्बिणीत ते पिशवीतून येते, कडांना लागत नाही. शिवाय जखमच लहान. आतल्या गळूच्या कारणाबद्दल मात्र डॉक्टरांत एकमत नाही. कुणी म्हणतात, आत पाणी सोडून धुतात तेव्हा घाण पोटाच्या कोपऱ्याकोपऱ्यांत जाते. आपल्याला वाटते, धुतले म्हणजे स्वच्छ झाले. भांडे धुतले की स्वच्छ होतेच ना! पण पोट म्हणजे भांडे नव्हे. फुटलेल्या अपेंडिक्सच्या मुलांत हे पारखून पाहिले आहे. नुसती घाण शोषून काढलेली मुले आणि वर पाण्याने धुतलेली मुले, दोघांत गळू सारखेच निघाले.

या सगळ्यांहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. अपेंडिक्स फुटले होते की नव्हते? फुटण्याआधी काढले तर दोन्ही पद्धतींत पुवाची भीती थोडी. फुटल्यावर काढले तर दोन्हींत बरीच. म्हणून मोठ्या शहरात दुर्बीण आहे म्हणून दोन दिवस पैसे जमवत बसणे, हे आम्हाला तरी चुकीचे वाटते. आज रात्री मिळणारी चीर ही परवा मिळणाऱ्या दुर्बिणीपेक्षा बरी.

पैशाचा हिशेब

दुर्बिणीचे फायदे आहेत, ते नाकारू नयेत. दुखणे थोडे कमी. दवाखान्यात सरासरी एक दिवस कमी. नेहमीच्या कामाला साधारण पाच दिवस आधी लागता येते. अंगाने जाड असलेल्या माणसाला चीर मोठी लागते आणि ती चिघळते, त्याला दुर्बीण सोयीची. तरुण बाईच्या पोटात उजवीकडे दुखत असेल तर ते अंडाशयाचे दुखणेही असू शकते. दुर्बिणीने दोन्ही जागा पाहता येतात.

मजुरी करणाऱ्याला पाच दिवस म्हणजे पाच दिवसांची मजुरी. हा हिशेब कागदावर मांडा. एका बाजूला पाच-सहा दिवसांची मजुरी, दुसऱ्या बाजूला दोन दवाखान्यांच्या बिलातला फरक. सरकारी दवाखान्यात दुर्बीण असेल, किंवा सरकारी योजनेत खर्च बसत असेल, तर प्रश्नच मिटला. भरती होतानाच हे विचारा, नंतर नव्हे. पण सावकाराकडून कर्ज काढून, दूध देणारी गाय विकून दुर्बीणच पाहिजे, असे म्हणण्याइतका हा फरक मोठा नाही. हे आमचे मत आहे. डॉक्टर काही खास कारण सांगत असेल तर त्याचे ऐका.

आणखी एक गोष्ट. दुर्बिणीची हत्यारे लांब, पोकळ आणि सांध्यांची असतात. ती साफ करणे किचकट. ती नीट निर्जंतुक केली नाहीत, किंवा औषधात बुडवून मग साध्या नळाच्या पाण्याने विसळली, तर एका हट्टी जातीचे जंतू भोकांत शिरतात. हे क्षयाच्या जंतूंच्या गोतावळ्यातले. आपल्या देशात असे रोगी पुष्कळ दवाखान्यांत दिसले आहेत. जखम आधी छान भरते. मग तीन-चार आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, भोकाच्या जागी गाठ येते आणि पाणी झरू लागते. साध्या गोळ्यांनी ते थांबत नाही, महिनोन्‌महिने औषध घ्यावे लागते. असे झाले तर गावातल्या गावात मलम लावत बसू नका. ऑपरेशन केले त्या डॉक्टरला दाखवा आणि किती दिवसांनी सुरू झाले ते सांगा.

आधी आणि नंतर

ऑपरेशनच्या आधी शिरेतून जंतू मारणारे औषध देतात. चीर देण्याआधी ते अंगात गेलेले असले तर जखम कमी चिघळते. पोटावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. वस्तऱ्याने कातडीवर न दिसणारे ओरखडे पडतात आणि त्यांत जंतू घर करतात. काढायचेच असतील तर दवाखान्यात यंत्राने कापतील. साखरेचा आजार असेल तर आधी सांगा, लपवू नका. विडी-सिगारेट ओढणाऱ्याची जखम उशिरा भरते. निदान जखम भरेपर्यंत तरी विडी बाजूला ठेवा.

घरी आल्यावर जखमेला हळद, राख, शेण, तेल, काही लावू नका. पट्टीला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा. पट्टी किती दिवस ठेवायची, अंघोळ कधी करायची, हे दवाखान्यातून निघतानाच विचारून घ्या. जंतूंच्या गोळ्या दिल्या असतील तर बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका. जखमेतला पू बहुधा पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात दिसतो, पण महिनाभर लक्ष असू द्या. ताप आला, जखम लाल झाली, पाणी आले, पोट फुगले, उलट्या सुरू झाल्या, यांतले एक जरी झाले तरी परत जा. जखमेत पू झाला तर डॉक्टर एक-दोन टाके काढून वाट करून देतात आणि रोज पट्टी बदलतात. आतले गळू असेल तर सोनोग्राफीने जागा पाहून सुईने किंवा नळीने पू काढतात. कधी पुन्हा ऑपरेशन लागते.

त्या पोराचे काय झाले?

बाईंनी त्याला त्याच रात्री सरकारी दवाखान्यात नेले. चिरून ऑपरेशन झाले. अपेंडिक्स सुजून टम्म झाले होते, पण फुटले नव्हते. तिसऱ्या दिवशी पोरगा घरी आला. सोबत एक कागद दिला होता. वरचा सगळा मजकूर इंग्रजीत. खाली मात्र चार ओळी मराठीत छापलेल्या.

सहाव्या दिवशी पोराला कणकण वाटू लागली. चिरेचा खालचा कोपरा लाल झाला. दीर म्हणाला, "चिरलंय तर लाल व्हायचंच, चार दिस थांब." बाईंनी तो कागद काढला. कंदिलाशी नव्हे, आता वीज आहे, दिव्याखाली बसल्या. बोट ठेवून एकेक अक्षर लावले. "ज-ख-म ला-ल झा-ल्या-स, ता-प आ-ल्या-स, ता-ब-ड-तो-ब या-वे." 'ताबडतोब' या शब्दाला त्या अडल्या. वर्गात तो शब्द झाला नव्हता. त्यांनी तो दोनदा वाचला, मोठ्याने वाचला, मग दिराला म्हणाल्या, "लगेच या असं लिवलंय हितं."

सकाळच्या पहिल्या एस.टी.ने त्या पोराला घेऊन गेल्या. डॉक्टरने दोन टाके सोडले. वाटीभर नव्हे, चमचाभर पू निघाला. मग रोज पट्टी. तीन आठवड्यांनी जखम भरली. गाय अजून दावणीला आहे. बाईंनी तो कागद वर्गात आणला होता. आम्ही सगळ्यांनी तो वाचला आणि 'ताबडतोब' हा शब्द फळ्यावर लिहिला.